मिक्सरच्या भांड्यातला शब्द

मुलीने बिस्किटाचं रिकामं पाकीट ओट्यावर पसरलं, कात्रीने त्याच्या मागच्या बाजूचा एक शब्द कापला आणि माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढी पट्टी.

"आई, हा शब्द बघून ठेव. हा दिसला की पाकीट जागेवर परत. बाकी काही वाचू नकोस."

"काय लिहिलंय?"

"ट्रेसेस."

तिला घाई होती. द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात ती कामाला आहे. रोज सकाळी रोडपालीहून स्कूटरवर येते, लेकीला माझ्याकडे सोडते आणि नाक्यावरून कंपनीची बस पकडते. त्या दिवशीही ती जिन्यावरून उतरता उतरता म्हणाली, "हरवू नकोस हं पट्टी." मी ती पिशवीतल्या छोट्या पाकिटात ठेवली, घराच्या किल्लीसोबत.

आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि पाचवीसाठी पनवेलला जावं लागायचं. मला कोणी पाठवलं नाही, मीही हट्ट केला नाही. त्यामुळे मराठी मला चांगलं लिहितावाचता येतं, पण इंग्रजी अक्षर दिसलं की आजही वाटतं, कोणीतरी आता विचारेल आणि मला सांगता येणार नाही. त्या पट्टीवर सहा अक्षरं होती. पहिलं विजेच्या खांबासारखं. चौथं चंद्रकोरीसारखं. शेवटचं नागमोडी. मी ती चित्रासारखी पाठ केली. भात शिजेपर्यंत गॅसजवळ उभी राहून बोटाने ओट्यावर गिरवायची, आणि नात आली की पुसून टाकायची, जणू चोरी करत होते.

हे सगळं का, तेही लिहून ठेवते. नात दोन वर्षांची नव्हती तेव्हाची गोष्ट. रविवार होता, सगळे जेवायला बसले होते. मी शेंगदाण्याची चटणी केली होती. आमच्याकडे नवीन चव मुलांना बोटाने चाटवतात. माझ्या आईने मला, मी माझ्या मुलीला तशीच चाटवली. नातीने तोंड पुढे केलं आणि मी चटणीचं बोट तिच्या जिभेला लावलं. पंधरा मिनिटांत तिचे डोळे सुजून बंद झाले. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. हॉस्पिटलात नेलं, इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, शेंगदाणा हिच्या अंगाला चालत नाही, पुन्हा पोटात जाता कामा नये. पुन्हा झालं तर याहून वाईट होऊ शकतं.

कोणी मला काही बोललं नाही. मुलगी नाही, जावई नाही. पण ते बोट माझं होतं.

आता नात साडेतीन वर्षांची आहे. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत ती माझ्याजवळ असते. ते दहा तास मला कशासाठीही कोणाला द्यायचे नाहीत. म्हणूनच ती पट्टी मी देवाच्या अंगाऱ्याच्या पुडीसारखी जपत होते.

आमच्या बिल्डिंगखाली एका म्हाताऱ्या मुसलमान दुकानदाराचं दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तिथे जाऊन मी बिस्किटाचा पुडा उलटा करायची, चष्मा कपाळावर सरकवायची, पुडा डोळ्यांजवळ न्यायची आणि पिशवीत हात घालून हळूच पट्टी काढायची. मागे गिऱ्हाईक उभं असलं की माझे कान गरम व्हायचे. मग काही न घेताच मी पुडा परत ठेवायची.

एकदा चाचा म्हणाले, "काय भाभी, बिस्किट घेताय का लग्नासाठी पोरगी बघताय? पुढून बघितली, मागून बघितली, आता पत्रिका काढली!"

दुकानात सगळे हसले. मीही हसले. चाचांना विचारायला हवं होतं, इतका साधा माणूस, त्यांनी वाचून दाखवलं असतं. पण "मला वाचता येत नाही" हे पाच माणसांत कसं म्हणायचं? मी तो पुडा घेतला. अक्षरं अगदी बारीक होती, पण विजेचा खांब कुठे दिसला नाही, चंद्रकोर होती पण तिच्या शेजारची अक्षरं वेगळी होती. मी मनाशी म्हटलं, यात नाही.

संध्याकाळी मुलीने डब्यातला तो पुडा उलटा केला.

"आई, हे काय आहे?"

"मी पट्टी लावून बघितली होती गं."

"पट्टीवर मोठी अक्षरं आहेत. इथे तेच लहान लिपीत आहे." तिने बोट ठेवलं. "हे बघ. तोच शब्द."

नशीब, पुडा फोडला नव्हता. मुलगी खुर्चीवर बसली. मग लेकीच्या चपलेचा बंद लावता लावता म्हणाली, "आमच्या सोसायटीत खाली एक पाळणाघर आहे, आई. तिथल्या बाई शिकलेल्या आहेत."

"विचारलंस का त्यांना?"

"नुसतं विचारून ठेवलंय."

ती नुसतं म्हणाली, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी वही पुढे केली. म्हटलं, "दोन्ही लिप्यांत लिहून दे. आणि अर्थ सांग. नुसतं चित्र बघून माझं भागत नाही."

ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "म्हणजे अगदी थोडंसं. अंश. शेंगदाणा टाकलेला नसतो, पण त्याच मशीनवर आधी शेंगदाण्याचं काहीतरी बनलेलं असतं. त्याचं थोडं राहून जातं."

"थोडं म्हणजे किती? चिमूटभर?"

"चिमूट कुठली! दिसणारसुद्धा नाही इतकं."

"न दिसणाऱ्याने एवढं होतं?"

"हिला होतं."

"मग कंपनीला कसं कळतं, आत आहे ते?"

"त्यांनाही नक्की माहीत नसतं. म्हणून लिहितात, असू शकतं."

ती गेली. मी ते वाक्य दिवसभर घोळवत होते. मोठमोठ्या मशीनवाल्यांना माहीत नाही, तिथे मला कसं कळणार? पण एवढं समजलं की हा शब्द मशीनचा आहे, कारखान्याचा आहे, पाकिटावर राहणारा आहे. तिथेच माझी चूक झाली.

माझे मिस्टर न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. दोन दोन दिवस घरी नसतात. त्यांना भाजलेले शेंगदाणे लागतात, गाडी चालवताना झोप येत नाही म्हणतात. त्यांच्यासाठी वरच्या फळीवर शेंगदाण्याचा डबा होता. नातीचा हात तिथे पोचत नव्हता आणि तिच्या ताटात मी कूट कधीच घालत नव्हते. मला वाटायचं, एवढं पुरे.

भोगीला रविवार होता, नात तिच्या घरी होती. भोगीची भाजी कुटाशिवाय होत नाही. मी डबा काढला, चटणीच्या छोट्या भांड्यात कूट केला, भाजी केली, बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. जेवणं झाल्यावर भांडं साबणाने दोनदा धुऊन पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. मुलीची रजा नव्हती. नातीला सोडताना ती म्हणाली, "आई, आज शेजारून लाडू येतील. तिळाच्या लाडवात सगळे कूट घालतात. एकही देऊ नकोस."

मी म्हटलं, "मी तिच्यापुरते नुसत्या तिळाचे करते."

तीळ तिला चालतात, डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. मी तीळ भाजले, छोट्या भांड्यात फिरवले, नवीन गूळ चिरला, सुपारीएवढे सात लाडू वळले. नात ओट्याला टेकून माझ्या हाताकडे बघत उभी होती. "आजी, माझा कुठला?" मी एक दिला. ती त्याला आधी जिभेने चाटून बघत होती. मी भांडी घासायला वळले.

मिक्सरच्या झाकणाला आतून रबर असतं. ते मी रोज काढत नाही. त्या दिवशी त्यात तीळ अडकलेले दिसले म्हणून ओढून काढलं. खाचेत तीळ होते आणि तिळांच्या खाली पांढरट, ओलसर थर होता. मी वास घेतला. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास.

मागे वळले तेव्हा लाडवाला उंदराने कुरतडावं तेवढा चावा होता.

मी लाडू हिसकावला, तिच्या तोंडात बोट घालून जे निघेल ते काढलं, चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली. ती घाबरून रडायला लागली. मी तिला मांडीवर घेऊन तिच्या ओठांकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम होत्या. पहिली म्हणजे हिचा श्वास. आणि दुसरी लिहायला लाज वाटते, पण लिहिते. फोन केला नाही तर कोणाला कळणार आहे? कदाचित काही होणार नाही. लाडू टाकून देईन, झाकण घासून ठेवीन. आणि फोन केला तर उद्यापासून ही पाळणाघरात.

किती वेळ गेला कोण जाणे. दोन मिनिटं असतील. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला.

"आई, साहेबांसमोर आहे, नंतर करते..."

"लाडवात ट्रेसेस आहेत," मी म्हणाले.

तो शब्द मी कधी मोठ्याने म्हटलाच नव्हता. तो तोंडातून एवढा सरळ आला की मलाच कळलं नाही.

"कुठल्या पाकिटात?"

"पाकिटात नाही. माझ्या मिक्सरच्या झाकणात. काल त्यात कूट केला होता. हिने एक चावा घेतलाय."

"सूज? श्वास?"

"अजून काही नाही. ओठाच्या कडेला लाल दिसतंय."

"औषध दे आणि डॉक्टरांकडे जाऊन बस. घरी थांबू नकोस. मी निघाले."

फ्रिजवर मुलीने मराठीत लिहून चिकटवलं होतं, लाल चट्टे आले तर सिरप किती, श्वास वाजला तर कुठलं हॉस्पिटल. सिरप पाजलं. नातीला कडेवर घेतलं आणि तशीच गाऊनवर ओढणी टाकून निघाले. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे. एरवी मी गाऊनवर कचरासुद्धा टाकायला जात नाही.

संक्रांत असूनही दवाखाना भरलेला होता. कंपाउंडर म्हणाला, "मावशी, नंबर अकरावा."

"नंबर नको. नुसतं इथे बसू द्या."

"नुसतं बसायला हे काय बस स्टँड हाय?"

लोक बघायला लागले. एरवी अशा वेळी मी मागच्या मागे निघून जाते. पण कडेवरचं पोर गरम लागत होतं, खांद्याशी तिचा श्वास मी कानाने मोजत होते. मी म्हटलं, "हिला शेंगदाणा चालत नाही. हिच्या पोटात त्याचा अंश गेलाय. श्वास लागला तर मला डॉक्टर दोन पावलांवर पाहिजेत. म्हणून बसलेय. आता आत जाऊन सांगा."

तो आत गेला. डॉक्टरांनी लगेच बोलावलं. घसा बघितला, छातीला नळी लावली. किती खाल्लं विचारलं, मी बोटाच्या पेरावर दाखवलं. हनुवटीखाली दोन चट्टे उठले होते. ते म्हणाले, "औषध दिलंत ते बरं केलंत. दोन तास इथेच थांबा, मी मधून मधून बघतो."

मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. नात माझ्या मांडीवर झोपली. झोपली की श्वास हळू होतो, आणि हळू झाला की मला वाटायचं थांबला. मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. मग आठवायचं, याच बोटाने चटणी चाटवली, याच हाताने लाडू वळला. बोट मागे घ्यायची. पुन्हा धरायची.

मुलीला यायला पावणेदोन तास लागले. पोर्टच्या रस्त्यावर कंटेनरची रांग होती. फोनवर ती दर दहा मिनिटांनी एकच विचारायची आणि मी एकच सांगायची, "श्वास नीट आहे." ती पोचली तेव्हा चट्टे फिके पडत होते. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, रात्री लक्ष ठेवा.

लेकीला माझ्याकडून घेऊन ती पुढे चालू लागली. घरी आली, झाकण मागितलं. रबर बाजूला काढलेलं होतंच. तिने खाचेचा वास घेतला.

"दोनदा धुतलं होतं मी," मी म्हटलं.

"कळलं, आई."

"फळीवर डबा होता, तोही सांगायला हवा होता तुला."

"हो. तो सांगायला हवा होता." आणि लेकीला घेऊन ती गेली. जाताना म्हणाली, "मी चार दिवस रजा टाकते. बघू."

त्या 'बघू'वर मी चार दिवस काढले. शेंगदाण्याचा डबा खाली चाचांच्या दुकानात देऊन आले. चाचांनी विचारलं का, तर या वेळी खरं सांगितलं, पट्टीसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "पहिलंच बोलायचं ना भाभी. पाकीट मी वाचत जाईन." मिक्सरची दोन्ही भांडी टाकली. लाकडी पोळपाट टाकला, त्याला चिरा होत्या. खलबत्ता उकळत्या पाण्यात घातला. मसाल्याच्या डब्यातला चमचा, तळणीचं तेल, भांडी पुसायचं फडकं. एकेका वस्तूपुढे उभी राहून विचारायची, तुझ्यात आहे का? शब्दाचा अर्थ मला केव्हाच माहीत झाला होता. तो कुठे कुठे लागतो, ते मी आता शिकत होते.

मिस्टर आले तेव्हा मी त्यांना दारातच थांबवलं आणि शर्टाचे खिसे उलटे केले. टरफलं पडली.

"आता काय दारातच अंघोळ घालणार हायस? शेंगदाने काय इख हाय?"

"तिच्यासाठी विषच आहे."

मी त्यांना असं कधी उत्तर दिलं नव्हतं. मग ते स्वतःच बाहेर जाऊन दुसरा खिसा झटकून आले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. मुलगी नातीला घेऊन आली. मला वाटतं, ती बघायलाच आली होती. वीसेक बायका होत्या. मी नेहमीसारखी दाराजवळ बसले. वहिनी ताट घेऊन सगळ्यांना लाडू देत आल्या, आणि वाकून नातीच्या हातावर एक ठेवायला गेल्या. "घे गं बाय, गोड गोड बोल."

मुलगी पलीकडे कुंकू लावून घेत होती. मी वहिनींचं मनगट धरलं.

"वहिनी, नको. तिला देऊ नका."

बायका वळून बघायला लागल्या. हळदीकुंकवाचा लाडू कोणी असा अडवत नाही.

"अहो, मी कूट कमीच घातलाय."

"कमी पण नको. कूट नसला तरी नको. ज्या हाताने कूट घेतला त्या हाताला राहतो, ताटाला राहतो. दिसत नाही, पण राहतो. इंग्रजीत त्याला ट्रेसेस म्हणतात."

कोणीतरी मागून म्हणालं, "बघा, काकू इंग्लिश बोलायला लागल्या!" दोघीतिघी हसल्या. वहिनींनी ताट सरळ केलं आणि म्हणाल्या, "आमच्या हाताला काय लागलंय म्हणे. आता लाडू द्यायचीही चोरी." त्या तेव्हापासून माझ्याशी जरा तोडूनच बोलतात. मला वाईट वाटतं. पंधरा वर्षं शेजार आहे.

मी नातीचे दोन्ही हात पदराने पुसले, आणि मग लक्षात आलं की पदराला काय लागलंय ते मला माहीत नाही. उठून तिला नळाखाली नेलं. मुलगी मागोमाग आली. साबण तिनेच काढून दिला. नातीचे हात आम्ही दोघींनी धुतले, एक तिने, एक मी.

"उद्या साडेआठला सोडते," ती म्हणाली. "मिक्सरचं नवीन भांडं आणलंस का?"

"आणलं. रबरपण वेगळं मागून घेतलंय."

पाळणाघराचं पुन्हा निघालं नाही. मीही काढलं नाही. नात आत्ता आत झोपली आहे म्हणून हे लिहिते आहे. रोज अकरा वाजता मुलीचा फोन येतो. "सगळं ठीक ना?" मी "ठीक" म्हणते. फोन ठेवते आणि आत जाऊन झाकणाचं रबर काढून वास घेते. काल फक्त हळदीचा आला. आज काहीच आला नाही, म्हणून पुन्हा घेतला.